'कोलोकोल'ची दहा वर्षं

रशियातल्या नोव्हगोरोद शहरात १८४१-४२ च्या सुमारास प्रांतिक सरकारचा एक अधिकारी दर तीन महिन्यांनी एका अहवालावर सही करत असे. पोलिसांच्या नजरेखाली ठेवलेल्या माणसांची वर्तणूक कशी आहे, याचा तो अहवाल. त्या यादीत खुद्द सही करणाऱ्याचंही नाव होतं. आपण तीन महिने नीट वागलो की नाही, याचा पोलिसांनी दिलेला दाखला तो स्वतःच तपासून वर पाठवायचा. अलेक्सांद्र हर्झन असं या अधिकाऱ्याचं नाव. गुन्हा काय, तर सेंट पीटर्सबर्गमध्ये एका पोलीस शिपायाने वाटसरूचा खून केल्याची शहरभर झालेली चर्चा त्याने वडिलांना पत्रात लिहिली. पत्र टपालात फोडलं गेलं आणि अफवा पसरवल्याच्या आरोपावरून त्याची रवानगी राजधानीबाहेर झाली.

ज्या देशात बापाला लिहिलेलं पत्रसुद्धा सरकार आधी वाचतं, तिथे स्वतंत्र वर्तमानपत्र काढायचं तर ते देशाबाहेरूनच काढावं लागणार. हर्झनने ते काढलं. १८५७ ते १८६७ अशी दहा वर्षं 'कोलोकोल', म्हणजे 'घंटा', या नावाचं रशियन भाषेतलं पत्र आधी लंडनहून आणि शेवटी जिनीव्हाहून निघत राहिलं. सेन्सॉरचा हात न लागलेलं, रशियाभर वाचलं गेलेलं असं नियतकालिक त्याआधी रशियन भाषेत झालं नव्हतं.

हर्झनचा जन्म १८१२ चा, मॉस्कोचा. नेपोलियनची फौज मॉस्कोत शिरली तेव्हा तो जेमतेम पाच महिन्यांचा होता. शहर जळत असताना त्याचे वडील इव्हान याकोव्हलेव यांना नेपोलियनने बोलावून घेतलं, झारसाठी एक पत्र दिलं आणि त्या बदल्यात कुटुंबाला शहराबाहेर जाऊ दिलं. वडील बडे जमीनदार, आई जर्मन. दोघांचं कायदेशीर लग्न झालेलं नव्हतं, म्हणून मुलाला बापाचं आडनाव मिळालं नाही. पैसा मात्र पुढे भरपूर मिळाला. पोरवयात त्याने आणि त्याचा मित्र निकोलाय ओगार्योव्ह याने मॉस्कोलगतच्या टेकडीवर उभं राहून स्वातंत्र्यासाठी आयुष्य वाहण्याची शपथ घेतली होती. अशा शपथा त्या वयात पुष्कळजण घेतात. या दोघांनी ती पाळली, हे विशेष.

नोव्हगोरोदच्या आधी एक हद्दपारी होऊन गेली होती. १८३५ मध्ये त्याला पर्मला आणि तिथून दूर व्यात्काला धाडलं गेलं. तिथे १८३७ साली झारचा युवराज दौऱ्यावर आला. स्थानिक मालाचं प्रदर्शन त्याला समजावून सांगण्याचं काम या शिकल्यासवरलेल्या हद्दपार कारकुनाकडे आलं. युवराजाच्या सोबत आलेल्या कवी झुकोव्हस्कीने तरुणासाठी शब्द टाकला आणि हर्झनची बदली मॉस्कोच्या जवळ, व्लादिमिरला झाली. हाच युवराज पुढे दुसरा अलेक्झांडर म्हणून गादीवर आला आणि हाच तरुण त्याला दर पंधरवड्याला छापील जाब विचारू लागला.

वडील १८४६ मध्ये वारले आणि १८४७ च्या जानेवारीत हर्झनने बायकामुलांसह रशिया सोडला, तो कायमचा. १८४८ ची पॅरिसमधली क्रांती त्याने डोळ्यांदेखत चिरडली जाताना पाहिली. परत येण्याचा झारचा हुकूम त्याने धुडकावला. सरकारने त्याची मालमत्ता अडवली. तेव्हा क्रांतिकारकाच्या मदतीला धावला तो युरोपातला सर्वांत मोठा सावकार. पॅरिसच्या जेम्स रॉथचाइल्डने हर्झनच्या हुंड्या स्वतःच्या नावावर घेतल्या आणि रशियन सरकारला कळवलं की पैसे अडवून ठेवलेत तर कर्जाच्या वाटाघाटी अवघड होतील. सरकारने मुकाट्याने रक्कम मोकळी केली. 'कोलोकोल'चं भांडवल असं रॉथचाइल्डच्या पेढीतून सुटलं. समाजवादी इतिहासकार या प्रसंगावरून जरा घाईने पुढे जातात.

पैसा आला, पण घर उद्ध्वस्त झालं. १८५१ च्या नोव्हेंबरात बोटीच्या अपघातात त्याची आई आणि बहिरा धाकटा मुलगा बुडाले. सहा महिन्यांत बायकोही गेली. १८५२ च्या ऑगस्टमध्ये हर्झन लंडनला आला, तो काही आठवडे राहण्यासाठी. राहिला बारा वर्षांहून अधिक.

१८५३ मध्ये लंडनच्या रीजंट स्क्वेअरमध्ये 'स्वतंत्र रशियन छापखाना' उघडला. रशियन खिळे मिळवण्यापासून ते सरहद्दीपलीकडे माल पोचवण्याच्या वाटांपर्यंत सगळी मदत केली ती पोलिश निर्वासितांनी. झारच्या फौजेने ज्यांचा देश गिळला होता, तेच पोलिश लोक पहिल्या मोकळ्या रशियन छापखान्यात खिळे जुळवत उभे होते. चेर्नेत्स्की नावाचा पोलिश मुद्रक शेवटपर्यंत छापखाना सांभाळत राहिला. हे ऋण लक्षात ठेवायला हवं, कारण दहा वर्षांनी ते फेडायची वेळ आली आणि त्यातच पत्र बुडालं.

सुरुवातीला छापायला मजकूरच नव्हता. हर्झनने रशियातल्या मित्रांना आवाहन केलं: लिहा, मी छापतो. उत्तरादाखल आलं ते मौन. त्याच वर्षी मॉस्कोचा विख्यात नट मिखाइल श्चेपकिन लंडनला आला. हा माणूस स्वतः भूदास म्हणून जन्मलेला, नटाच्या गुणांवर गुलामीतून सुटलेला. भूदासांच्या मुक्तीसाठी निघालेल्या छापखान्याचं त्याला कौतुक वाटावं, अशी हर्झनची अपेक्षा. पण श्चेपकिनने हात जोडून विनवलं की हे थांबव, अमेरिकेला जा, काही वर्षं गप्प बस. तुझ्यामुळे इथले लोक गोत्यात येतील. हर्झनने त्याचं ऐकलं नाही. मॉस्कोतल्या भीतीची खोली मात्र त्याला त्या भेटीत उमगली.

मार्च १८५५ मध्ये झार पहिला निकोलस मेला. तीस वर्षं देशाचा श्वास कोंडून ठेवणाऱ्या राजाच्या मृत्यूची बातमी हर्झनने 'टाइम्स'मध्ये वाचली, शॅम्पेन उघडली आणि रस्त्यावरच्या पोरांना नाणी वाटून आनंदाच्या आरोळ्या ठोकायला लावल्या. त्याच वर्षी त्याने 'ध्रुवतारा' नावाचं संग्रहवजा नियतकालिक काढलं. मुखपृष्ठावर झारविरुद्ध बंड करून १८२६ साली फाशी गेलेल्या पाच डिसेंबरवाद्यांचे चेहरे कोरलेले होते. आता रशियातून पत्रं येऊ लागली. आधी तुरळक, मग थैल्या भरून. १८५६ च्या वसंतात ओगार्योव्ह लंडनला आला आणि त्याने ताडलं की वर्षाकाठी निघणारा जाडजूड ग्रंथ या पत्रांना पुरणार नाही; ताज्या मजकुराला वेगाने निघणारं छोटं पत्र हवं.

१ जुलै १८५७ रोजी 'कोलोकोल'चा पहिला अंक निघाला. आठ पानं, किंमत सहा पेनी, शीर्षकाखाली शिलरच्या घंटेवरच्या प्रसिद्ध कवितेतलं जिवंतांना साद घालणारं लॅटिन वचन. मागण्या तीनच: छापील शब्दाची सेन्सॉरपासून सुटका, शेतकऱ्यांची जमीनदारांपासून सुटका, कर भरणाऱ्या वर्गाची फटक्यांपासून सुटका. प्रजासत्ताक नाही, झारचं मुंडकं नाही. आज वाचताना या मागण्या मवाळ वाटतात. पण त्यांतली एकही त्या वेळी रशियात छापता आली नसती.

त्याच आठवड्यात लंडनची वर्तमानपत्रं मिरत आणि दिल्लीच्या बातम्यांनी भरून गेली होती. पंधरवड्यापूर्वीच, १८५७ च्या जूनमध्ये, लॉर्ड कॅनिंगने हिंदुस्थानातल्या छापखान्यांवर परवान्याची सक्ती करणारा कायदा आणला होता. एका परक्या माणसाला स्वतःच्या राजधानीत हवं ते छापू देणारं इंग्रज सरकार कलकत्त्याला आणि मुंबईला मात्र छापखाना चालवायचा तर आधी परवाना घ्या म्हणत होतं. हर्झन इंग्रजांच्या या मोकळीकीचा चाहता होता. त्या मोकळीकीच्या हद्दी कुठे संपतात, ते हिंदी वाचकाला वेगळं सांगायला नको.

'कोलोकोल' आधी महिन्याने, मग पंधरा दिवसांनी आणि काही काळ दर आठवड्यालाही निघू लागलं. पहिल्या अंकांची पुनर्मुद्रणं काढावी लागली. खप अडीच हजारांवर गेला आणि गाजलेल्या अंकांच्या बाबतीत त्याहूनही वर. हा आकडा लहान वाटेल. पण एकेक प्रत किती हातांतून फिरे आणि कितीजण ती हाताने उतरवून घेत, हे ध्यानात घेतलं तर वाचकसंख्या कित्येक पटींनी वाढते. पहिली काही वर्षं तोट्यात चाललेला छापखाना आता स्वतःच्या पायांवर उभा राहिला. विक्रीची बाजू लंडनचा पुस्तकविक्रेता निकोलस ट्रूबनर बघत होता.

अंकात असायचं काय? हर्झनचा अग्रलेख असे. त्याच्या तोडीचं धारदार, थट्टेखोर आणि तरीही काळजातून आलेलं गद्य तेव्हा रशियन पत्रकारितेत कुणी लिहीत नव्हतं. ओगार्योव्हचे जमीन, कर, ग्रामसंस्था यांवरचे लेख असत. ते कंटाळवाणे, पण नेमके. लोक अंक उलटून आधी वाचत ती मात्र शेवटची पानं. तिथे 'हे खरं आहे का?' या मथळ्याखाली बारीक बारीक मजकूर असे. अमुक गव्हर्नरने तमुक गावातल्या शेतकऱ्यांना फटके मारवले, हे खरं आहे का? अमुक जमीनदाराच्या घरातली भूदास मुलगी मेली आणि चौकशी दडपली गेली, हे खरं आहे का? अमुक सेनापतीने शिपायांच्या भाकरीचे पैसे खाल्ले, हे खरं आहे का? नावं, गावं, हुद्दे सगळं उघड. प्रश्नचिन्ह एवढाच काय तो पडदा. १८५९ पासून अशा मजकुरासाठी 'खटला भरा!' नावाची वेगळी पुरवणीच निघू लागली. ती १८६२ पर्यंत चालली.

हा सगळा मजकूर पुरवणारे बातमीदार पगारी नव्हते. ते झारचेच नोकर होते: मंत्रालयातले कारकून, सैन्यातले अधिकारी, प्रांतांतले न्यायाधीश, सुट्टीवर युरोपात आलेले जमीनदार. ज्या फायली सेंट पीटर्सबर्गच्या कपाटात कुलूपबंद असायच्या, त्यांच्या नकला लंडनला पोचत. सरकारी तक्रारपेटीत टाकलेला कागद कुठेच जात नाही, पण लंडनला धाडलेला कागद दोन महिन्यांत थेट मंत्र्याच्या टेबलावर येतो, हे रशियन नोकरशाहीला पक्कं कळलं होतं. वरिष्ठांवर राग काढायची ही जागा अनेकांना सोयीची वाटली, त्यात शंका नाही. काही पत्रं निव्वळ द्वेषाची असत, काही बातम्या खोट्या निघत, आणि हर्झनला त्या दुरुस्त कराव्या लागत. एकूण लेखाजोखा मात्र पत्राच्या बाजूचा आहे. आपलं नाव 'कोलोकोल'मध्ये येईल या धास्तीने हात आखडलेले अधिकारी रशियात झाले.

अंक सरहद्द ओलांडत ते नाना वाटांनी. प्रशियातून, बाल्टिकच्या बंदरांतून, खलाशांच्या सामानातून, दुहेरी तळाच्या पेट्यांतून. आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे युरोपची सहल करून घरी परतणाऱ्या प्रतिष्ठित प्रवाशाची बॅग. सेनापतीच्या बायकोची पेटी कोण उघडणार? रशियन सरकारने शेजारच्या राज्यांवर दबाव आणला. १८५८ मध्ये प्रशियाने पत्रावर बंदी घातली, सॅक्सनीनेही घातली. मागणी वाढली.

झार स्वतः 'कोलोकोल' वाचतो, हे रशियात सर्वांना ठाऊक होतं. त्यातून दंतकथा तयार झाल्या. सर्वांत प्रसिद्ध अशी: एका अंकात दरबारातल्या मंडळींची लक्तरं होती, म्हणून त्यांनी तेवढा मजकूर वगळून तो अंक नव्याने छापून घेतला आणि बनावट प्रत झारपुढे ठेवली, मग हर्झनने अस्सल प्रत परस्पर धाडून दिली. खरं-खोटं देव जाणे. पण झारला फसवायला दरबाऱ्यांना 'कोलोकोल'चा अंक नव्याने छापावा लागतो, ही गोष्ट लोकांना पटण्यासारखी वाटली, यातच पत्राचा दरारा दिसतो. गंमत म्हणजे याच काळात रशियन वर्तमानपत्रांना हर्झनचं नाव छापायची मुभा नव्हती. त्याच्यावर टीकासुद्धा करता येत नसे. १८६२ मध्ये सरकारने ही बंदी सैल केली ती मिखाइल काटकोव्ह या संपादकाला त्याच्यावर तुटून पडता यावं म्हणून.

छापखान्याने केवळ बातम्याच दिल्या नाहीत. कॅथरीन राणीचं आत्मचरित्र रोमानोव्ह घराण्याने कडीकुलपात ठेवलं होतं, कारण त्यातल्या मजकुरावरून तिचा मुलगा पॉल हा झारच्या रक्ताचा आहे की दुसऱ्याच कुणाचा, असा प्रश्न उभा राहत होता. ते प्रथम छापलं गेलं लंडनला, हर्झनच्या प्रस्तावनेसह. अठराव्या शतकात भूदासांच्या हालांवर लिहिल्याबद्दल रादिश्चेव्हला सायबेरियात धाडलं होतं. त्याचं पुस्तकही १८५८ मध्ये इथूनच पुन्हा निघालं.

या धामधुमीत एक विलक्षण माणूस येऊन गेला. बाख्मेतेव्ह नावाचा तरुण जमीनदार १८५७ मध्ये हर्झनकडे आला. प्रशांत महासागरातल्या एका बेटावर साम्यवादी वसाहत उभारायला तो निघाला होता. जवळ पन्नास हजार फ्रँक होते. त्यातले वीस हजार त्याने रशियन प्रचारकार्यासाठी हर्झनच्या हवाली केले आणि उरलेले तीस हजार रुमालात गुंडाळून बोटीत बसला. हर्झनने ते वीस हजार रॉथचाइल्डच्या पेढीत ठेवले. बाख्मेतेव्हचा पुढे कधीच पत्ता लागला नाही. त्याच्या पैशाने मात्र पुढे बरीच भांडणं लावली.

रविवारी हर्झनच्या घरी कुणीही यावं, अशी रीत पडली होती. तुर्गेनेव्ह येत असे. १८५९ मध्ये जहाल संपादक चेर्निशेव्हस्की खास बोलणी करायला आला. १८६१ मध्ये टॉलस्टॉय आला, त्यानंतरच्या वर्षी दस्तयेव्हस्की. बढतीची वाट पाहणारे अधिकारी आले, विद्यार्थी आले, आणि त्यांच्या आडून झारच्या गुप्त पोलिसांची माणसंही आली. दार उघडं ठेवण्याचा हा मोकळेपणा हर्झनच्या स्वभावात होता. त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागली.

टीकाही दोन्हीकडून होत होती. उदारमतवादी बोरिस चिचेरिनने १८५८ मध्ये त्याला लांबलचक पत्र लिहून सुनावलं की तुझ्या भडक भाषेने सुधारणेचं नुकसान होतं आहे. हर्झनने ते आरोपपत्र आपल्याच पत्रात जसंच्या तसं छापलं. दुसरीकडून १८६० मध्ये कुणा निनावी जहालाने लिहिलं की झारवर आशा ठेवणं सोड, शेतकऱ्यांना कुऱ्हाड उचलायला सांग. तेही हर्झनने छापलं आणि वर लिहिलं की कुऱ्हाडीवाचून वाट निघण्याची शक्यता आहे तोवर आपण ती हाक देणार नाही. विरोधकाला आपल्या पानांत जागा देणारा हा संपादक होता. हा गुण क्रांतिकारकांच्या पत्रांत क्वचितच सापडतो.

मार्च १८६१ मध्ये झारने भूदासमुक्तीचा जाहीरनामा काढला. सव्वादोन कोटींच्या आसपास माणसं कायद्याने मोकळी झाली. तीन मागण्यांपैकी सर्वांत मोठी मागणी पुरी झाली होती. हर्झनने १० एप्रिलला आपल्या घरी, वेस्टबोर्न टेरेसवरच्या ऑर्सेट हाउसमध्ये जंगी मेजवानी ठेवली. दर्शनी भागावर गॅसच्या दिव्यांची रोषणाई, झेंडे, वाद्यवृंद. लंडनमधले रशियन, पोलिश, इटालियन निर्वासित जमले, माझ्झिनी आला. हर्झन त्या रात्री एक अशक्य गोष्ट करणार होता: आपल्या शत्रूच्या, म्हणजे झारच्या नावाने पेला उंचावणार होता. पाहुणे जमत असतानाच वॉर्साहून बातमी आली की दोन दिवसांपूर्वी रशियन सैनिकांनी तिथल्या निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. घरात पोलिश पाहुणे उभे होते. त्यांच्यासमोर झारच्या नावाने पेला उचलणं आता शक्य नव्हतं. तो बेत रद्द झाला आणि रोषणाईखालची ती मेजवानी सुतकात बदलली. थोड्याच दिवसांत कझान प्रांतातल्या बेझ्दना गावी जाहीरनाम्याचा आपल्या परीने अर्थ लावणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाल्याचं कळलं. जमिनीची किंमत शेतकऱ्यांकडून हप्त्याहप्त्याने वसूल होणार हेही उघड झालं. झारने जनतेला फसवलं, असं ओगार्योव्हने लिहिलं.

१८६२ च्या उन्हाळ्यात सर्वांत महागडी चूक झाली. रशियाला परतणाऱ्या वेतोश्निकोव्ह नावाच्या प्रवाशाकडे हर्झन, ओगार्योव्ह आणि नुकताच सायबेरियातून निसटून आलेला क्रांतिकारक बाकुनिन यांनी मित्रांसाठी पत्रं दिली. निरोपाच्या त्या बैठकीत गुप्तहेर हजर होता. वेतोश्निकोव्ह रशियात पोचताच पकडला गेला. एका पत्रात हर्झनने चेर्निशेव्हस्कीचं नाव घेऊन लिहिलं होतं की तुमचं मासिक बंद पडलं असेल तर इथून काढू. पोलिसांना तेवढा धागा पुरला. चेर्निशेव्हस्कीला अटक झाली आणि पुढची वीसेक वर्षं किल्ल्यात आणि सायबेरियात गेली. त्या झडतीतून बत्तीस जणांवरचा खटला उभा राहिला. ज्याच्या अंकांत एकाही बातमीदाराचं नाव कधी फुटलं नाही, त्या संपादकाने साध्या खाजगी पत्रात नाव लिहावं, याला हलगर्जीपणाशिवाय दुसरा शब्द नाही.

आणि मग पोलंड. जानेवारी १८६३ मध्ये तिथे उठाव झाला. हर्झनला त्याची घाई चुकीची वाटत होती. उठावाचे प्रतिनिधी आदल्या वर्षी लंडनला आले तेव्हाही तो साशंकच होता. पण उठाव झाल्यावर त्याने क्षणभरही मागेपुढे पाहिलं नाही. पोलंडला पोलंड म्हणून जगण्याचा हक्क आहे, आणि रशियन सैनिकाने पोलिश लोकांवर शस्त्र चालवू नये, हे 'कोलोकोल'ने स्वच्छ लिहिलं. रशियात देशभक्तीची लाट उसळली होती. उठाव निर्दयपणे चिरडणाऱ्या मुराव्योव्हच्या नावाने मेजवान्या झडत होत्या, अभिनंदनाच्या तारा जात होत्या. त्यात काल-परवापर्यंत 'कोलोकोल'ला पत्रं लिहिणारे सुधारकही होते. काटकोव्हचं 'मोस्कोव्हस्किये वेदोमोस्ती' आता त्यांचं पत्र झालं. वर्ष संपेपर्यंत 'कोलोकोल'चा खप अडीच हजारांवरून पाचशेवर आला.

सगळा दोष पोलंडवर टाकणं मात्र बरोबर नाही. भूदासमुक्तीनंतर जुनी एकजूट तशीही फुटणारच होती; झारकडून आशा असणारे एका बाजूला, नसणारे दुसऱ्या बाजूला. शिवाय खुद्द रशियातली वर्तमानपत्रं थोडी मोकळी झाली होती. १८६५ च्या नव्या कायद्याने राजधानीतल्या पत्रांना पूर्वतपासणीतून सूट मिळाली. लाचखाऊ गव्हर्नरची बातमी वाचायला आता लंडनकडे डोळे लावायची गरज उरली नव्हती. गुप्त पोलीस, सरहद्दीवरचे पहारे, प्रशियाची बंदी यांपैकी कशानेही जे साधलं नाही, ते वाचकांच्या पाठ फिरवण्याने साधलं. पोलंडविषयी गप्प बसून खप टिकवता आला असता का? काही काळ, कदाचित. पण ज्या छापखान्यात पोलिश माणसं खिळे जुळवत होती, तिथून तसं पत्र निघू शकलं नसतं, आणि निघालं असतं तर ते वाचण्याच्या लायकीचं राहिलं नसतं.

१८६५ मध्ये हर्झनने छापखाना जिनीव्हाला हलवला. रशियातून पळून आलेले तरुण क्रांतिकारक आता स्वित्झर्लंडमध्ये जमले होते. त्यांच्याजवळ राहिल्याने पत्राला नवं रक्त मिळेल, असा हिशेब. तो साफ चुकला. या तरुणांच्या लेखी पन्नाशी ओलांडलेला, नीटनेटका कोट घालणारा, व्याजावर जगणारा हर्झन हा एक जुनाट जमीनदार होता. त्यांना बाख्मेतेव्हचा निधी हवा होता आणि पत्राचा ताबाही. हर्झनने दोन्हीला नकार दिला. १८६६ मध्ये काराकोझोव्ह नावाच्या विद्यार्थ्याने झारवर गोळी झाडली; हर्झनने त्या कृत्याचा निषेध केला, तेव्हा उरलासुरला धागाही तुटला. पुढच्या वर्षी या तरुणांपैकी अलेक्सांद्र सेर्नो-सोलोव्येविचने पुस्तिका छापून त्याच्यावर जाहीर चिखलफेक केली. उजव्यांना तो देशद्रोही वाटत होता, डाव्यांना भेकड.

१ जुलै १८६७ रोजी, बरोबर दहा वर्षांनी, २४४-२४५ क्रमांकाचा जोडअंक काढून पत्र थांबलं. पुढच्या वर्षी हर्झनने तेच नाव देऊन फ्रेंच आवृत्ती काढून पाहिली, ती वर्षभरात बंद केली. २१ जानेवारी १८७० रोजी पॅरिसमध्ये तो वारला. नीसमध्ये बायकोशेजारी त्याला पुरलं आहे. तो जाताच बाख्मेतेव्हच्या निधीतली उरलेली रक्कम सेर्गेय नेचायेव्ह या भयंकर तरुणाच्या हाती लागली. त्याने काही महिन्यांपूर्वीच मॉस्कोत स्वतःच्याच गटातल्या एका विद्यार्थ्याचा खून घडवून आणला होता. त्याने 'कोलोकोल'चं नाव लावून सहा अंक काढले. त्यांत हर्झनची ना भाषा होती, ना सचोटी. ओगार्योव्ह थकला होता, त्याने नावाला संमती दिली. १८७७ मध्ये लंडनजवळच्या ग्रीनिचमध्ये तो गरिबीत गेला.

हर्झनच्या जन्मशताब्दीला, १९१२ मध्ये, लेनिनने लिहिलं की उदारमतवादी जमात पाठ फिरवत असताना पोलंडची बाजू घेऊन हर्झनने रशियन लोकशाहीची अब्रू राखली. लेनिनचा शब्द पडल्यावर सोव्हिएत काळात हर्झनला मानाचं स्थान मिळणं ओघानेच आलं. रस्त्यांना त्याचं नाव दिलं गेलं, शाळेच्या पुस्तकांत त्याचे धडे आले. १९६० नंतरच्या काही वर्षांत सोव्हिएत विज्ञान अकादमीने 'कोलोकोल'चे सगळे अंक मूळ पानांच्या हुबेहूब प्रतिकृतींसह पुन्हा छापले. तेव्हाही रशियात छापण्याआधी प्रत्येक ओळ सेन्सॉरच्या टेबलावरून जात होती. १९६५ मध्ये लेनिनग्राडच्या तंत्रविद्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी सरकारवर टीका करणारं एक गुप्त पत्र काढलं. त्याला त्यांनी 'कोलोकोल' हेच नाव दिलं. दोन अंक निघाले, तिसरा पोलिसांनी जप्त केला. व्हालेरी रोन्किन आणि सेर्गेय खाखायेव्ह या दोघांना सात वर्षं श्रमछावणी आणि वर तीन वर्षं हद्दपारी, अशी शिक्षा झाली.